केसपेपरवरची ओळ

भुईगाव, वसई
२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

नेत्रा,

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद घेऊन बसले. सत्तावीस वर्षं मॅटर्निटी होममध्ये नर्स म्हणून काढली, ड्यूटीच्या रिपोर्टाशिवाय हाताने काही लिहिलेलं नाही, तेव्हा गोडगोड वाक्यं शोधू नकोस. पाकीट मायक्रोपोअरने चिकटवलंय, ड्रेसिंगची पांढरी पट्टी असते ना, तीच. जोडावर माझी सही आहे. फ्लॉईड बुधवारी-रविवारी तुझ्याकडे मनवेलपाड्याला येतो, त्याच्याच हाती देणार, पण तो वाटेत उघडून वाचेल याची मला खात्री आहे. माझा मुलगा असला म्हणून काय झालं! पट्टी उचकटलेली दिसली तर कळव.

तू माहेरी गेलीस त्याला पाच दिवस झाले. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेवायला बसलो आणि मी विचारलं, 'नेत्रा, खरं सांग, तू काय पितेस?' एवढंच. माझे भाऊ-वहिनी समोर होते, हे मान्य. पण मी काय शिवी दिली का? पाचवा महिना चालू असलेल्या बाईला हा प्रश्न मी ओपीडीत रोज विचारते. तुलाच तो एवढा झोंबला. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस 'नाही' म्हणतो आणि भात वाढून घेतो. तू ताटावरून उठलीस आणि बॅग भरलीस. मग मी काय समजायचं?

वास मला आला होता, नेत्रा. एकदा नाही, कितीदा. माझी नाईट संपवून सकाळी साडेआठला मी घरी यायचे, तू हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलेली असायचीस, आणि शेजारून गेलं की वास. आपल्या घरच्या वाईनचा नव्हे, तो मला झोपेतसुद्धा ओळखता येतो. रमचा वास. सकाळी साडेआठला! घरातल्या वाईनच्या बाटल्यांवर मी पेनाने खुणा केल्या होत्या, हेही सांगून टाकते. खुणा जागच्या जागी होत्या. म्हणजे तू बाहेरून आणवत होतीस. कुणाकडून ते मी अजून शोधतेय. तुला वाटेल सासू हेरगिरी करते. करते.

आणि माझी काळजी तुला दिसत नाही? तुझं हिमोग्लोबिन साडेनऊ आलं तेव्हा मनुके कोणी सुरू केले? माझी नाईट असली की कार्मिनआजीला बजावून जायचे, सकाळी पोरीला भिजवलेले मनुके द्या, वरचं पाणीही द्या, सगळं सत्त्व त्यातच असतं. चौऱ्याऐंशीची माझी सासू तुझ्यासाठी वाटी घेऊन जिना चढायची. आणि तू ते मनुके तोंड वाकडं करून खायचीस. बघितलंय मी.

बाळाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? बायकांना शिकवत फिरते आणि घरातच हे. राग आला असेल तर येऊ दे. उत्तर लिही.

फेलिशिया

*

भुईगाव
३ डिसेंबर, बुधवार

नेत्रा,

उत्तर नाही. फ्लॉईड म्हणतो, दिलं पत्र. मी विचारलं, वाचलं का तिने? तर म्हणतो, 'मम्मी, मला नको मध्ये घेऊस.' म्हणजे काहीतरी लपवतोय. की तुझ्या आईने, मीराताईंनी, पत्र ठेवून घेतलं? मी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपते. लग्नाच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, 'तुमच्याकडे रोज पितात का हो?' अगदी हसत हसत. ते हसणं मी विसरलेले नाही.

काल मात्र फ्लॉईडने एक गोष्ट सांगितली. सोमवारी तू विरारच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलीस, सोबत इथली फाईल नेलीस, आणि त्यांनी मीराताईंच्या देखत वाचून दाखवलं: 'अल्कोहोल: हो. पेशंट नाकारते.' मीराताई तिथेच खुर्चीत बसल्या म्हणे. तुझ्या घरात तुझ्या वडिलांनी कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही.

हो. ती ओळ माझी आहे. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुला कळणार नाही असं वाटलं होतं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुझी तपासणी होती ना, तेव्हा तू वजनाला उभी होतीस आणि मी लिहिलं. तुला विचारलं नव्हतंच, मग तू नाकारणार कशी? पण मला ठाऊक होतं तू नाकारणार. सगळ्या नाकारतात.

तुला वाटेल मी दुष्ट आहे. अगं, मी कसं काम करते ते एकदा कान देऊन ऐक. नवीन बाई आली की केसपेपरवर बारा प्रश्न असतात. त्यात हा एक. जूचंद्रची, विरारची, तुमच्यातली बाई असली तर मी वर न बघताच म्हणते, 'घेत नाही ना?' आणि 'नाही'वर खूण करते. आमच्यातली, ख्रिस्ती असली तर विचारते, 'किती घेतेस?' दोन शब्दांचा फरक. आमच्याकडे वाईन घरात असते, बारशाला, साखरपुड्याला ग्लास हातात येतो, म्हणून सरळ विचारलेलं बरं. तुझा पहिला केसपेपर मी काढून बघितला. तिथे मी 'नाही'वर खूण केलीय. न विचारता. तुझं माहेरचं आडनाव डोक्यात होतं ना. फसले, दुसरं काय!

मर्सीची गोष्ट तुला सांगितलीय का? आठ वर्षं झाली. पहिलटकरीण. 'किती घेतेस?' म्हटल्यावर खरं सांगितलं तिने, 'संध्याकाळी एक ग्लास, सासू देते.' मी भर ओपीडीत तिला फाडून खाल्लं. सगळ्या बायका बघत होत्या. मुद्दाम. म्हटलं, एकीला सुनावलं की दहा सुधारतात. ती पुढच्या तपासण्यांना आलीच नाही, थेट कळा घेऊन आली. पण दुसऱ्या खेपेला मी विचारलं तेव्हा ताठ मानेने म्हणाली, 'नाही सिस्टर, एक थेंबही नाही.' याला म्हणतात सुधारणं. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं.

म्हणून सांगते, थोडं ऐकून घ्यायला शीक. खरं काय ते मला लिही. मी कुणाला सांगणार नाही.

फेलिशिया

*

१३ डिसेंबर, शनिवार

नेत्रा,

आता मात्र कमाल झाली.

यंदा नाताळचा केक मी घरी करायचं ठरवलं होतं. दरवर्षी बेकरीतून येतो, पण म्हटलं, घरात बाळ येतंय, या वर्षी आपल्या हातचा. तुला सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून. सप्टेंबरात मारिया मातेचा सण झाला त्याच आठवड्यात मनुके, बेदाणे, संत्र्याच्या साली, सगळं मोठ्या काचेच्या बरणीत भरून वर रमची अख्खी बाटली ओतली आणि कोठीच्या खोलीत ठेवून दिली. तीन महिने मुरलं की केक काळाभोर होतो. बरणीला मी हातही लावला नाही.

आज उघडली तर बरणी अर्धी!

मग हसायला आलं मला. म्हणजे बाटली बाहेरून येत नव्हती तर! मी कुठल्या कुठल्या माणसांवर संशय घेतला, कोपऱ्यावरच्या दुकानदारालासुद्धा टोकून आले, आणि माल माझ्याच कोठीत. रम प्यायचीस ती प्यायचीस, वर मनुकेसुद्धा खाल्लेस? तू म्हणशील, पुरावा काय. घरात माणसं किती? फ्लॉईड सकाळी सहाला जातो तो रात्री येतो, आणि त्याला मनुके लहानपणापासून आवडत नाहीत. मी नाही. आजी नाही, त्यांना दात कुठे आहेत! उरलं कोण?

आता तरी कबूल कर. मी बरणीचा फोटो काढून ठेवलाय. तू उत्तर दिलं नाहीस तर मी तो मीराताईंना पाठवणार आहे, म्हणजे त्यांना कळेल की 'तुमच्याकडे रोज पितात का' हे कुणी कुणाला विचारायला हवं होतं. मला असं वागायला आवडत नाही, पण तू

आजी हाका मारतायत. येते.

*

१४ डिसेंबर, रविवार

नेत्रा,

कालचं पत्र अर्धंच राहिलं. ते फाडणार नाही. ते आणि हे एकाच पाकिटात घालतेय. ते आधी वाच, म्हणजे मी काय आहे ते तुला नीट कळेल.

बरणी उचलून गेले तर आजी कोठीच्या दारात उभ्या होत्या. माझ्या हातात बरणी बघून आमच्या बोलीत म्हणाल्या, 'संपत आले गो ते. पोर परत आली की काय देऊ सकाळी? आणखी भिजव.'

मी विचारलं, 'काय भिजवू?'

'मनुके. तूच भिजवलेस ना बरणीभर पोरीसाठी? मी रोज वाटीत काढून देत होते. पाणीपण द्यायचे, तू सांगितलंस तसं.'

नेत्रा, मी बरणी खाली ठेवली आणि दिवस मोजायला लागले.

दिवाळीनंतर माझ्या नाईट सुरू झाल्या. संध्याकाळी घाईत मनुके पाण्यात घालायचे मी विसरायचे. पहिले एक-दोन दिवस नुसतं विसरले, मग विसरलेय हेसुद्धा विसरले. सकाळी येऊन आजींना विचारायचे, 'दिले का मनुके?' त्या म्हणायच्या, 'दिले.' मी बघितलं नाही कुठून दिले. आजींनी भांड्यात शोधले, मिळाले नाहीत, कोठीत गेल्या, भिजलेल्या मनुक्यांची भरलेली बरणी दिसली. त्यांना वाटलं, सून शहाणी, महिन्याभराचे एकदम भिजवून ठेवले. एका डोळ्यात मोतीबिंदू. करोनात गेलेला वास त्यांना अजून परत आलेला नाही, गॅस चालू राहिला तरी कळत नाही. आणि फळं रममध्ये मुरवतात हे या घरात कधी कुणी केलेलंच नव्हतं. मी एकटीने, गुपचूप, गंमत म्हणून केलं.

म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून तू गेलीस त्या दिवसापर्यंत, जवळजवळ चार आठवडे, तू रोज सकाळी मूठभर रममधले मनुके खाल्लेस आणि तळातले दोन-तीन चमचे प्यायलीस. माझ्या सांगण्यावरून. मी 'नाही' म्हणून खूण केली ती न विचारता, 'हो, पेशंट नाकारते' लिहिलं तेही न विचारता, आणि पाजणारी मीच होते.

आणि एक गोष्ट आहे, ती मला लिहायची नव्हती. कालपासून तीच डोक्यात आहे. तू मला सांगितलं होतंस. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी चप्पल काढत होते, आणि तू म्हणालीस, 'मम्मी, मनुके घशात जळजळतात.' मी काय म्हटलं आठवतंय? 'लोह आहे त्यात, साखर नाही. औषध समजून गिळ.' आणि झोपायला गेले. मी वाटी हातात घेतली असती, नुसती नाकाशी नेली असती, तर तिथेच संपलं असतं. तुझ्या तोंडाचा वास मला चार हातांवरून आला, वाटीचा आला नाही, कारण वाटीकडे मी बघितलंच नाही. तू दारूच्या थेंबाला कधी शिवलेली नाहीस, तुला काय कळणार रम कशी लागते! तुला वाटलं असेल, या लोकांचे मनुके असेच असतात. सासू नर्स आहे, ती सांगते म्हणजे बरोबर असेल.

आता तुला हवं ते सांगते. आज सकाळी आमच्या डॉक्टरांना, उन्नती मॅडमना, फोन केला. म्हटलं, एक पेशंट आहे, असं असं झालंय. त्यांनी विचारलं, 'किती, किती दिवस, आणि आता थांबलंय का?' मी म्हटलं, थांबलंय. तर म्हणाल्या, 'मग सिस्टर, आधी तेच सांगा तिला, थांबलं हे फार चांगलं झालं. किती घेतली तर चालते याचा आकडा कुणाकडेच नाही, म्हणून आपण अजिबात नको म्हणतो. पण झालं त्याबद्दल काहीच होणार नाही अशी हमी देऊ नका, आणि काहीतरी होणारच म्हणून घाबरवूही नका. फाईलवर खरं लिहा, म्हणजे पुढे बाळाच्या डॉक्टरांना माहीत असेल आणि ते लक्ष ठेवतील. आणि सिस्टर, तिला ओरडू नका.' मग विचारलं, 'कोण आहे पेशंट?' मी म्हटलं, तुमच्या ओळखीची नाही. तू दर महिन्याला त्यांच्यासमोर बसायचीस. माझी जीभ अशी आहे बघ.

थांबलं, ते तू रागावून गेलीस म्हणून. तू राहिली असतीस तर आजपर्यंत खात असतीस, मीच खायला लावलं असतं. तुझं भांडणच बाळाच्या कामी आलं. हे लिहिताना मला इतकी लाज वाटतेय.

आणखी एक. फ्लॉईडच्या वेळी मी स्वतः घेतली आहे. रोज संध्याकाळी आजी अर्धा ग्लास वाईन द्यायच्या, रक्त वाढतं म्हणून. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, 'थोडी घे, झोप लागेल.' फ्लॉईड साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. पुढे बोलला, शिकला, नोकरीला लागला, सगळं झालं. पण पोटात असताना दारू गेली तर बाळाचं बोलणं-शिकणं मागे पडू शकतं, हे नर्सिंगच्या एका ट्रेनिंगमध्ये मला कळलं तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कमी मार्काला मी मनात तोच ग्लास कारण धरत आलेय. त्यामुळे झालं की नाही, मला कधीच कळणार नाही. म्हणून मी बायकांवर ओरडते. ओरडले की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं.

तू घाबरशील. रडशील. माझ्यावर ओरड, पण डॉक्टरांना सांग. हे पत्रच दाखव त्यांना.

फेलिशिया

*

२१ डिसेंबर, रविवार

नेत्रा,

हे मी कुणाला लिहितेय मला माहीत नाही.

दुपारी फ्लॉईडने टेबलावर तीन पाकिटं ठेवली. तिन्ही माझी. 'तिने एकही उघडलं नाही, मम्मी. पट्टी बघ.' बघितली. माझी सही जोडावर जशीच्या तशी. मी त्याच्यावर संशय घेतला, मीराताईंवर घेतला, त्यांनी कुणीच हात लावला नव्हता. तू वाचून गप्प बसलीयस असं धरून मी रोज मनात तुझ्याशी भांडत होते, आणि तू वाचलंच नव्हतंस.

म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही.

खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरं झालं. परसात पाणी तापवायची चूल पेटलेली होती. तिन्ही पाकिटं घेऊन मी तिथपर्यंत गेले. आजी विसरून जातील, सकाळी काय जेवल्या ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही. उन्नती मॅडमना पेशंटचं नाव ठाऊक नाही. फाईलवरची ओळ? म्हणायचं, नजरचुकीने दुसरीची नोंद पडली. बाळ धडधाकट झालं तर कुणाला कधी कळायचंही नाही. आणि उगाच बिचारीला चार महिने जीव टांगणीला का लावायचा? हे शेवटचं तर मला अगदी दयाळूपणासारखं वाटत होतं.

सकाळी चर्चच्या आवारात नाताळचा गोठा बांधायचं काम चाललं होतं, तिथे मर्सी भेटली होती. आठ वर्षांपूर्वीची तीच. तिचा धाकटा गवत आणून टाकत होता. मी म्हटलं, 'तुझी गोष्ट मी सगळ्यांना सांगते. पहिल्यांदा ओरडले, पण दुसऱ्या वेळी बघ कशी सुधारलीस.'

ती हसली. 'सुधारले कुठली सिस्टर! दुसऱ्या वेळी नाही म्हणून सांगितलं, म्हणजे तुमचं ऐकावं लागलं नाही.'

'म्हणजे घेत होतीस?'

'सासू द्यायची, तिला कसं नको म्हणायचं तेच कळत नव्हतं. मला कुणालातरी विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला? तुमच्याकडे तर पाय ठेवायची सोय नव्हती.' तिने हे रागाने नाही सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि पोराला हाक मारून गेली.

चुलीपाशी मला तिचं तोंड आठवलं. सत्तावीस वर्षांत किती बायका माझ्यासमोर 'नाही' म्हणून उठून गेल्या असतील! मला वाटायचं त्या खोटं बोलतात, आणि ते बोलायला मीच शिकवत होते. आता मी पाकिटं चुलीत टाकली तर मीही त्यातलीच एक.

टाकली नाहीत. चुलीवर आजींच्या अंघोळीचं पाणी ठेवलं आणि आत आले. आता पत्रं पुरे झाली, नेत्रा. पत्र न उघडता परत येतं. माणसाला परत पाठवायला दार तरी उघडावं लागतं.

फ्लॉईडला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, 'तिची मंगळवारी अकराला तपासणी आहे.' एवढंच बोलला, पण बोलला.

*

मंगळवार, २३ डिसेंबर

नेत्रा, मीराताई, विरारच्या डॉक्टर मॅडम, आणि ज्यांच्या हाती हा कागद पडेल ते सगळे,

हा कागद पाकिटात नाही. घडी घातलेली नाही, पट्टी लावलेली नाही. केसपेपरला जोडायच्या पानासारखा कागद आहे, आणि तो कुणीही वाचावा.

मी फेलिशिया, नेत्राची सासू आणि मॅटर्निटी होममधली नर्स. नेत्राच्या फाईलवर 'अल्कोहोल: हो. पेशंट नाकारते' ही ओळ माझ्या हातची आहे. ती लिहिण्याआधी मी नेत्राला काही विचारलं नव्हतं. ती काही नाकारत नव्हती.

दुरुस्ती अशी: ऑक्टोबरअखेर ते २३ नोव्हेंबर, रोज सकाळी, रममध्ये मुरवलेले मनुके, साधारण एक मूठ, आणि त्यातली दोन-तीन चमचे रम. पेशंटला माहीत नव्हतं. वाटी देणाऱ्या आजींना माहीत नव्हतं. मनुके द्यायला मी सांगितलं, बरणी मी भरली, आणि वाटी मी तपासली नाही. पेशंटने घशात जळजळतं अशी तक्रार वेळेवर केली होती. नर्सने ती ऐकली नाही. २३ नोव्हेंबरनंतर काहीही घेतलेलं नाही. उन्नती मॅडमना काल नावासकट सगळं सांगितलंय, त्यांचा नंबर मागे आहे, त्या तुमच्याशी बोलतील. यापुढे काय बघायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

मीराताई, तुमच्या मुलीने काही केलेलं नाही. तुमच्या घरात तिला खाली बघावं लागलं, ते माझ्यामुळे. तुम्ही मला काय विचारलं होतं त्याचा मी दोन वर्षं राग धरला, आणि तोच प्रश्न मी तुमच्या मुलीला चारचौघांत विचारला.

नेत्रा, मी बाहेर बाकावर बसलेय, निळ्या साडीत. कंपाउंडरच्या हाती हा कागद आत पाठवतेय. वाचून तू मला घरी जा म्हणालीस तर मी जाईन. पण बोलावलंस तर मला एकच विचारायचंय, आणि या वेळी मी वर बघून विचारेन.

मनुके कसे लागायचे, ते सांग. तुझं बोलून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

मम्मी